खांब सरकारचे, खोडं आमची

कैनाड,
२ मार्च २०२५

आदरणीय मोहनकाका यांस,
मिथुनचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की माझी अडचण सगळ्या पाड्याला कळते. म्हणून पत्र लिहितो आहे. आमच्या पाड्यातली शितल उद्या शिवणाच्या दुकानात जाताना तुमच्या दारात टाकील. चुका असतील तिथे लाल शाई लावून परत पाठवा, झेरॉक्सच्या दुकानात माझे अर्ज तपासायचात तसं.

आमच्या ओहोळावरच्या साकवाचं काम दिवाळीपासून बंद आहे. दोन खांब उभे आहेत, त्यांच्या डोक्यावर सळया, वर काहीच नाही. मी त्या कामावर हजेरी लिहायचो. आता पाड्यातलं कुणी भेटलं की मला विचारतं, जणू साकव मी खिशात घालून आलो. दर वर्षी पावसाच्या आधी आम्ही ताडाची खोडं टाकून वाट करायचो. या वर्षी मीच म्हणालो, कशाला मेहनत करता, सरकारी साकव मंजूर आहे. आता माझी वहिनी जमना रोज ऐकवते. ती पलीकडच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. ओहोळ भरला की ती अलीकडे, चूल पलीकडे.

कार्यालयात गेलो. साकवाचे इंजिनियर, जेई साहेब, म्हणाले, "केंद्राचा निधी आहे, वरून आला नाही. सरकारवर कर्ज वाढलंय, पेपर वाचत नाहीस का?" पेपर मी वाचतो. कळत नाही, ही गोष्ट वेगळी. जिव्याआजाने विचारलं, "नोटा छापणाराच उसने मागतो?" तुम्ही जन्मभर कोषागारात काम केलंत. पाड्याला वाचून दाखवता येईल असं सोपं करून लिहा.

आपला,
मिथुन


डहाणू,
९ मार्च २०२५

चि. मिथुन यास,
अनेक आशीर्वाद.

पत्रात दोनच चुका आहेत, खुणा केल्या आहेत. अकरावीत शाळा सोडलेल्या मुलाने 'कोषागार' बरोबर लिहावं आणि माझ्या दर्शनने पदवी घेऊन चुकवावं, हे माझं नशीब.

आता आजाचा प्रश्न. नोटा छापता येतात, तांदूळ छापता येत नाही. नोटा दुप्पट झाल्या आणि तांदूळ तेवढाच राहिला, तर तांदूळ महागतो. म्हणून शहाणं सरकार छापत नाही, उसने घेतं.

सरकारला एक घर समज. घराची कमाई कमी, खर्च जास्त. यंदाच्या अंदाजपत्रकात केंद्राकडे येणाऱ्या रुपयातले चोवीस पैसे उसने आहेत. जाणाऱ्या रुपयातले वीस पैसे नुसत्या व्याजात जातात. पगार, पेन्शन, फौजेचा खर्च थांबवता येत नाही. व्याज तर मुळीच नाही. मग राहतं काय? साकव. साकव संपावर जात नाही, म्हणून तो थांबतो.

उसने कुणाकडून, असंही विचारतील. बँकांकडून, विमा कंपन्यांकडून, पोस्टातल्या बचतीतून. एवढं सांग. जास्त खोलात जाऊ नकोस.

मोहनकाका


कैनाड,
२३ मार्च २०२५

आदरणीय काका,
नमस्कार.

तुमचं पत्र आंब्याखाली सगळ्यांना वाचून दाखवलं. वाचायला नको होतं असं आता वाटतंय. जे बोलणं झालं ते आमच्या बोलीत झालं, मी नीट मराठीत लिहितो.

'सरकारला एक घर समज' इथेच आजाने हात वर केला. "कसलं घर? घरात धान्य कमी पडलं तर आपण म्हातारीला सांगतो का, सावकाराचं पोहोचवलंय, तू उपाशी झोप?" लाहू म्हणाला, "माझ्या बापाने तेच सांगितलं होतं." सगळे हसले. मी म्हटलं, पुढे ऐका.

मग पोस्ट आलं. जमनावहिनी तांदूळ निवडत होती, ती थांबली. "पोस्ट म्हणजे डहाणूचं?"

"सगळीच पोस्टं."

"डहाणूच्या पोस्टात माझं खातं आहे. दर महिन्याला खिचडीच्या मानधनातले टाकते, मानधन आलं तर. ते सरकारने उचललेत?"

"उचलले नाहीत वहिनी, वापरायला घेतलेत."

"मला न विचारता?"

लाहूचा विमा आहे. संगीताचंही पोस्टात खातं आहे. अर्ध्या तासात पाड्याने ठरवलं की आम्ही सरकारकडे मागत नाही, सरकारच आमचं देणं लागतं. मी असं समजावायला गेलो नव्हतो.

आणि त्याहून वाईट पुढे आहे. आमच्यात घर शाकारायचं असलं, भाताची आवणी असली, की दारात जाऊन बोलवायचं. ज्याच्या घराला आपण हात लावला, त्याने आपल्याकडे यायचंच. पैसे नाहीत, जेवण तेवढं. आजा म्हणतो, "आपण सरकारच्या घराला हात लावलाय. आता आपलं काम निघालंय. सरकार येत नाही, कारण आपण बोलवायला गेलोच नाही." हे लोक कार्यालयात आवतण घेऊन जाणार आहेत, काका! जेई साहेबांना मला तोंड दाखवावं लागतं. त्यांना थोपवेल असं काहीतरी लवकर लिहा.

मिथुन


डहाणू,
६ एप्रिल २०२५

चि. मिथुन,

आधी काकूला हसू आलं, मग मला राग आला. बायकोचं माहेर घाटावरचं. ती म्हणते, आमच्याकडे याला इर्जिक म्हणायचे, यात हसण्यासारखं काही नाही, आणि तरी हसते.

जमनाला सांग, तिच्या पैशांना कुणी हात लावलेला नाही. मुदत संपली की व्याजासकट मिळतील. म्हणून साकवाच्या स्लॅबवर तिचा हक्क लागत नाही. देणेकऱ्याच्या घरात शिरून आपण त्याचं पातेलं उचलत नाही.

कर्ज का वाढलं तेही सांगतो, म्हणजे पुन्हा पुन्हा लिहायला नको. रोगाच्या साथीत कमाई बुडाली आणि फुकट धान्य द्यावं लागलं, तेव्हा एकदम वाढलं. पण त्या आधीपासून वाढतच होतं. रस्ते, बंदरं, रेल्वे, तोफा, निवडणुकीतली वचनं. कर वाढवतो म्हणणाऱ्याला कुणी मत देत नाही आणि खर्च कमी करतो म्हणणाऱ्यालाही नाही. उसने घेतो असं कुणी म्हणतच नाही, नुसतं घेतं. जुनं फेडायची वेळ आली की नवं काढतात. सरकारचं कर्ज कधी पूर्ण फिटत नाही, मिथुन. फेडण्याची पत टिकली म्हणजे झालं. कर्ज काढून केलेल्या कामातून कमाई वाढली तर ते पेलतं. नाही वाढली तर व्याजच सगळं खातं.

आवतणाचा वेडेपणा थांबव. एक नीट अर्ज लिही, प्रत माझ्याकडे पाठव.

मोहनकाका


कैनाड,
२७ एप्रिल २०२५

काका,

अर्ज लिहिला होता. पोच मिळाली. बाकी काही मिळालं नाही.

'कधी फिटत नाही' हे वाक्य वाचल्यावर आजा उठून गेला. जाताना म्हणाला, "ज्याला फेडायचंच नाही त्याची कसली पत सांगतो मोहनकाका?" मी तलासरीला ठेकेदाराकडे गेलो. तुषारशेठ गोदामात बसला होता, काँक्रीटचं मशीन पत्र्याखाली गंज खात होतं. म्हणाला, "मिथुनभाई, पैसा नथी आव्या. बिल टाकून वरीस होईल. सिमेंटवाला माझ्या दारात बसतो, मी साहेबाच्या दारात बसतो, तू माझ्या दारात बस. चहा घेणार?" चहा घेतला. दोन खांबांच्या वर काहीतरी टाक म्हटलं तर म्हणाला, मशीनच्या डिझेललाही उधारी मिळत नाही.

हे सगळं मी सहन केलं. पण बुधवारी शितल अर्जाची प्रत द्यायला तुमच्याकडे आली होती तेव्हा काकूंनी तिला पडवीतलं नवं कपडे धुण्याचं मशीन दाखवलं. "रोख्यांचं व्याज आलं ना, म्हणून घेतलं. तारखेला येतं बाई, एक दिवस इकडे तिकडे नाही." शितलने भोळेपणाने विचारलं, कसले रोखे? काकू म्हणाल्या, "सरकारचेच की."

म्हणजे ते वीस पैसे तुमच्याकडे येतात. दोन पत्रं झाली, तुम्ही बँका लिहिल्यात, विमा लिहिलात, पोस्ट लिहिलंत, स्वतःला लिहिलं नाहीत. 'जास्त खोलात जाऊ नकोस' असं लिहिलंत ते यासाठी? तुमचं व्याज तारखेला येतं आणि आमचे खांब दिवाळीपासून बोडके उभे आहेत. मी पाड्यासमोर तुमची बाजू मांडत होतो, काका. शब्द न् शब्द नीट वाचून दाखवत होतो.

मिथुन


डहाणू,
४ मे २०२५

मिथुन,

तुझ्या पत्रात एकही चूक नाही. रागात माणसं चुका करतात, तू करत नाहीस, हे वाचणाऱ्याला जास्त लागतं.

होय, निवृत्तीच्या पैशातून मी सरकारी रोखे घेतले. लपवायचं म्हणून लपवलं नाही. पण लिहावंसंही वाटलं नाही, त्याला तू काय म्हणायचं ते म्हण. माझी पेन्शनही सरकारच देतं, तीही घाल त्या हिशेबात. सोन्यात किंवा कुणा शेठच्या फंडात टाकले असते तर तुला राग आला नसता. सरकारवर भरवसा ठेवला हा गुन्हा झाला.

आता माझंही ऐक. उद्या सरकारने ठरवलं की मोहनरावांचं व्याज थांबवू आणि कैनाडचा साकव बांधू. परवा मी रोखे घेणार नाही. माझ्यासारखे कुणीच घेणार नाहीत. मग पुढच्या साकवाचे खांबसुद्धा उभे राहणार नाहीत. ते दोन खांब ज्या निधीतून उभे राहिले त्यातही उसने पैसे आहेत. कदाचित माझेही असतील. तू फक्त वर काय नाही ते बघतोस.

आणि तू कर भरतोस का, असं विचारणार होतो. तर काकू म्हणाली, काडेपेटी घेताना भरतोच की तो. म्हणून विचारत नाही.

आज सकाळी ते मशीन लावलं. फार आवाज करतं म्हणे. मला ऐकू येत नाही, पण पडवीची फरशी हलते ते कळतं. तेवढा वेळ मी आत जाऊन बसलो.

मोहनकाका


कैनाड,
११ मे २०२५

आदरणीय काका,
नमस्कार.

तुमचं पत्र मी वाचून दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. वहिनीने हातातून घेऊन शितलला वाचायला लावलं.

वाटलं होतं, आता तुमच्या नावाने शिमगा होईल. झालं उलटंच. आजाने खांबांचं ऐकलं. मग उठून ओहोळावर गेला, आम्ही मागोमाग. खांबाला हात लावून म्हणाला, "आपली खोडं दर श्रावणात वाहून जातात, कारण खाली पाण्यात टेकवतो. ही जागा उंच आहे. इथे पाणी पोहोचत नाही." सळया बघितल्या. "या दोऱ्या बांधायला बऱ्या आहेत." एवढे महिने आम्ही सगळे त्या खांबांकडे बोट दाखवून भांडत होतो, वर खोडं टाकता येतील हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मंजूर कामाला हात लावायचा नसतो असं मीच सांगत होतो.

पुढच्या रविवारी, १८ तारखेला, काम आहे. वाळलेल्या ताडाची सहा खोडं लाहू देतो आहे. वहिनी आणि आजा कार्यालयात जाऊन बोलावणं करून आले. मी दाराबाहेर उभा राहिलो, लाज वाटत होती. वहिनी जेई साहेबांना म्हणाली, "रविवारी या. कोयता असला तर आणा." साहेब म्हणाले, हे आंदोलन आहे का? ती म्हणाली, "नाही, जेवण आहे."

दुसरं बोलावणं तुम्हाला आहे. आजाचं म्हणणं असं, की व्याज घेतलंत म्हणजे तुम्ही आमच्या कामातलं खाल्लंत, तेव्हा तुम्हाला यावं लागेल. मी सांगितलं, काकांचा गुडघा दुखतो. तो म्हणाला, "गुडघ्याला काम नाही देणार." मी आग्रह करत नाही. निरोप जसा आहे तसा लिहिला.

मिथुन


कैनाड,
२० मे २०२५

आदरणीय काका,
नमस्कार.

दर्शनदादाच्या स्कूटरवरून तुम्ही उतरलात तेव्हा तुमचा पांढरा शर्ट बघून मला धडकीच भरली. रविवारी तुम्ही सगळं पाहिलंत, ऐकू काहीच आलं नसेल. म्हणून काय बोलणं झालं ते लिहितो.

तुम्ही या टोकाला सुतळी ताणून धरली होती, खोडं एका पातळीत येतात की नाही बघायला. तेव्हा आजा म्हणाला, "हा व्याज खाणारा म्हातारा सुतळी बरी धरतो." तुम्ही मान डोलावलीत. सगळे हसले ते त्यामुळे.

मग जेई साहेब आले. हातात कागद. "सरकारी खांबांवर अनधिकृत बांधकाम करता येणार नाही. ही नोटीस घ्या. काही झालं तर जबाबदारी माझ्यावर येते, कळतंय का?" तेव्हा तिसरं खोड दोरावर अर्धं चढलं होतं आणि खाली लाहू होता. आजा दोर धरून उभा होता. तो म्हणाला, "साहेब, नोटीस घेतो की. दोन्ही हात अडकलेत. एवढं धरा जरा." साहेबांनी दोर धरला आणि आजा तंबाखू मळायला बसला.

साहेब ओरडत होते, "अहो बाबा! बाबा, धरा हे!" आजा म्हणाला, "सोडू नका हां, खाली बापई माणूस आहे." सोडता येईना आणि कागद हातातून निसटायला लागला, तेव्हा त्यांनी तो दातात धरला. तुम्ही एवढे का हसत होता ते मला तेव्हा कळलं. खोड खांबावर बसेपर्यंत ते तसेच उभे होते. मग एकदा हात लागलाच, तर पुढच्या तिन्ही खोडांना त्यांनी दोर धरला. बांबूचा कठडा कमी पडतो हेही त्यांनीच सांगितलं आणि वाढवून घेतला. भात आणि सुकट जेवले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी आलोच नव्हतो असं समज." वहिनी मागून म्हणाली, "आलं की सरकार."

नोटीस माझ्याकडे आहे. कोपऱ्यावर दातांच्या खुणा आहेत. नियमाप्रमाणे पोच द्यावी की नाही, कळवा.

मिथुन


डहाणू,
२८ मे २०२५

चि. मिथुन,

नोटिशीचं नंतर बघू. आधी ही तुझी माणसं.

रविवारी सकाळी जिव्या, लाहू, संगीता आणि आणखी दोघे माझ्या दारात उभे. मला वाटलं, साकव पडला. जिव्या मोठ्याने काहीतरी सांगत होता, मी पाटी पुढे केली तर म्हणे लिहिता येत नाही. काकूने कानाशी ओरडून सांगितलं, "तुम्ही त्यांच्या कामाला गेलात, आता ते आपल्या घराला हात लावायला आलेत!" मी म्हटलं, मी सुतळी धरली होती हो. पण तोवर दोघे पडवीच्या छपरावर. कौलं खाली. वासे कुजले आहेत असं त्यांनी परस्पर ठरवलं. संध्याकाळी म्हणाले, उद्या येतो.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला. मे महिन्यात! छप्पर उघडं, पडवीत ते मशीन, मशीनवर काकूची चादर, चादरीवर छत्री धरून मी. माझं सहा महिन्यांचं व्याज माझ्या डोळ्यांसमोर भिजत होतं आणि तुझा आजा वरून वासा मागत होता. मी आयुष्यात कुणाला एवढ्या शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी ऐकल्या, मला मात्र त्यांची उत्तरं ऐकू आली नाहीत, हा अन्याय आहे.

भिजत काम केलं त्यांनी. रात्रीपर्यंत कौलं बसली. पडवी कित्येक वर्षं गळत होती, ती आता गळत नाही. मशीनही सुरू होतं. काकूने सगळ्यांना जेवू घातलं आणि मजुरी विचारली तर जिव्या रागावला.

फिटलं ना आता? तसं त्याला विचारून कळव.

मोहनकाका


कैनाड,
१७ जून २०२५

आदरणीय काका आणि काकू,
दोघांना नमस्कार.

उशीर झाला. शाळा काल सुरू झाली, त्या गडबडीत होतो. ओहोळ भरून वाहतो आहे. पाणी खांबांच्या अर्ध्यावर आहे, खोडं कोरडी आहेत. सकाळी मी अलीकडे उभा राहून बघत होतो. वहिनी डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन गेली, कठड्याला हातसुद्धा लावला नाही. पलीकडे पोहोचल्यावर मागे वळून ओरडली, "काय रे, श्वास घे आता!"

तुषारशेठ येऊन फोटो काढून गेला. बिलाला जोडणार आहे म्हणे. कार्यालयात काम 'प्रगतिपथावर' दाखवलं आहे. कुणाची प्रगती, हे मी विचारलं नाही. स्लॅब येईल तेव्हा येईल. अर्ज दर महिन्याला लिहिणार आहे, कारण खोडं काही वर्षांत कुजतील.

तुमचा प्रश्न आजाला विचारला. तो म्हणाला, "फिटलं कसं? ते एकटे आले, आपण पाच जण गेलो. आता चार हात त्यांच्याकडे राहिले." मी म्हटलं, मग तुम्ही सरकारवर का ओरडत होता? तुमचंही फिटतच नाही की. त्याने तंबाखूची चिमूट मळून तोंडात टाकली. मग म्हणाला, "न फिटण्यावर कोण ओरडलं? बोलावल्यावर येत नाही म्हणून ओरडलो." हे मी तुम्हाला जसंच्या तसं लिहितो आहे. आवणीच्या वेळी तुम्हाला बोलावणं येईल, त्याची तयारी ठेवा. चिखलात पांढरा शर्ट घालू नका.

माझी अडचण वेगळीच आहे. जेई साहेबांनी चार खोडांना दोर धरला, तेव्हा त्यांच्या घराला हात लावायला जायचं असं पाड्याने ठरवलं आहे. वासे, दोर, कोयते घेऊन. रविवारी. मला पत्ता शोधायला लावला, तो मिळाला. साहेब पालघरला इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्या घराला कौलं नसतात, हे मी परवापासून सांगतो आहे. आजा म्हणतो, "नसली तर घालू."

कृपा करून यावर लवकर काहीतरी लिहा. पण वाचून दाखवायला नको, फक्त मला.

आपला,
मिथुन